जकातीवरची बाग

आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेची बाग होती. एक कारंजं, चार बाकडी अन् सांजच्याला लागणारा रेडिओ. हा सगळा खर्च जकातीतून भागायचा. बाजाराच्या दिवशी नाक्यावर गाड्यांची रांग लागे. गाडीवान कुरकुरत पावती घेई, पण बागेत बसला की म्हणे, "ही आमच्या पैशाची!" 1999 साली राज्यातल्या नगरपालिकांची जकात उठली. खोळंबा संपला, हे बरंच झालं. बदल्यात सरकारी अनुदान आलं. अंदाजपत्रकात आधी पगार, मग पाणी, दिवे. उरलं तर बाग. माळी निवृत्त झाला, त्याची जागा भरलीच नाही. पूर्वी रोपं सुकली की लोक नगराध्यक्षाला भर बाजारात अडवत. आता म्हणतात, "वरूनच पैसा आला नाही, तो तरी काय करणार?"