धनुर्मृगया, अमेरिकेतील

धनुष्यबाणाने वन्य पशुपक्ष्यांची शिकार करण्याचा क्रीडाप्रकार. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो विसाव्या शतकात कायद्याच्या नियंत्रणाखाली दृढमूल झाला. पांढऱ्या शेपटीचे हरीण हे त्यातील प्रमुख सावज होय. याखेरीज म्यूल हरीण, एल्क, काळे अस्वल व रानटी टर्की यांचीही शिकार केली जाते. शरद ऋतूत झाडावर बांधलेल्या मचाणात बसून हरणाची वाट पाहणे, ही या शिकारीची सर्वांत प्रचलित पद्धत आहे. बंदूक उपलब्ध असतानाही तिच्याहून दुर्बल आयुध स्वेच्छेने पत्करणे, हे या क्रीडेचे मर्म होय. त्यामुळे तिचा इतिहास हा मुख्यतः मर्यादा स्वीकारण्याचा व पुढे त्या शिथिल करण्याचा इतिहास आहे.

यूरोपीय लोकांच्या आगमनापूर्वी उत्तर अमेरिकेतील आदिवासी जमाती अन्न व कातडी यांसाठी धनुष्याने हरणे मारीत. फ्लॉरिडातील टिमुक्वा लोक हरणाचे कातडे पांघरून कळपाजवळ जात असल्याचे चित्र तेओडोर द ब्री याने १५९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. पुढे कातड्यांचा व्यापार वाढला व बंदुकीचा प्रसार झाला. त्यामुळे धनुष्य मागे पडले. गोऱ्या समाजात त्याचे पुनरुज्जीवन मॉरिस टॉमसन व विल टॉमसन या बंधूंनी केले. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या या बंधूंनी फ्लॉरिडाच्या अरण्यात धनुष्याने शिकार केली. मॉरिसचा द विचरी ऑफ आर्चरी हा ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८७९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय धनुर्विद्या संघाचा तो पहिला अध्यक्ष झाला.

या परंपरेतील दुसरा दुवा अधिक विषण्ण करणारा आहे. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा गोऱ्या वसाहतकारांनी एकोणिसाव्या शतकात जवळजवळ संहार केला. तिच्यातील अखेरचा पुरुष इशी १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ आढळला. त्याला सॅन फ्रॅन्सिस्को येथील विद्यापीठाच्या मानवशास्त्र संग्रहालयात ठेवण्यात आले. विद्यापीठाच्या वैद्यक शाळेतील शल्यविशारद सॅक्स्टन पोप याने इशीवर उपचार केले आणि त्याच्यापासून धनुष्य, बाण व काचेची बाणाग्रे बनविण्याची, तसेच सावजाच्या जवळ जाण्याची कला आत्मसात केली. इशी १९१६ मध्ये क्षयाने मरण पावला. पोपचा हंटिंग विथ द बो अँड ॲरो हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पोप व त्याचा सहकारी आर्थर यंग यांची नावे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या धनुर्धर शिकाऱ्यांच्या संस्थेला देण्यात आली. अशा रीतीने उच्छेद झालेल्या जमातीची उपजीविकेची विद्या तिच्या भूमीवर वसलेल्या समाजाची क्रीडा बनली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अनिर्बंध शिकार व जंगलतोड यांमुळे देशातील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या सु. पाच लाख किंवा त्याहूनही कमी उरली होती. राज्यांनी हंगाम, परवाने व संख्येची मर्यादा लागू केली. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये कोलंबिया व सॉक या परगण्यांत केवळ धनुष्यासाठी हरीण-शिकारीचा हंगाम ठेवला. हीच प्रथा पुढे इतर राज्यांतही रूढ झाली. बाणाने थोडीच हरणे मारली जातात, म्हणून हा हंगाम बंदुकीच्या हंगामापेक्षा दीर्घ ठेवणे शक्य झाले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन अधिनियमानुसार शिकारीच्या शस्त्रांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना मिळू लागले. १९७२ मध्ये या कराची व्याप्ती धनुष्यबाणांपर्यंत वाढविण्यात आली.

मचाणाचा उपयोग हरणाच्या स्वभावातून उद्भवला. हरणाचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते व त्याची नजर सामान्यतः जमिनीच्या पातळीवर फिरते. त्यामुळे शिकारी वाऱ्याची दिशा पाहून, वाटेजवळच्या किंवा ओकची फळे गळणाऱ्या ठिकाणच्या झाडावर सु. ५ ते ६ मी. उंचीवर बसतो. नोव्हेंबरच्या सुमारास नर माजावर येतात व दिवसाही संचार करतात. बाण सामान्यतः २० ते ३० मी. किंवा त्याहून कमी अंतरावरून सोडतात. गोळीप्रमाणे तो आघाताने प्राणी पाडीत नाही. धारदार पाते हृदयात वा फुप्फुसात शिरून रक्तस्रावाने मृत्यू येतो. म्हणून बाण लागल्यावर काही वेळ थांबून मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढावा लागतो. मचाणावरून पडून शिकाऱ्यांना गंभीर इजा होतात; त्यामुळे सुरक्षापट्टा वापरणे आवश्यक मानले जाते.

मिसूरी राज्यातील हॉलिस विल्बर ॲलन याला १९६९ मध्ये कप्पीयुक्त धनुष्याचे एकस्व मिळाले. यातील विकेंद्री कप्प्यांमुळे दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरील भार बराच कमी होतो व नेम दीर्घकाळ धरता येतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारे कौशल्य त्यामुळे अल्पावधीत साध्य होऊ लागले. विस्कॉन्सिनने २०१४ पासून सर्व शिकाऱ्यांना क्रॉसबो वापरण्याची मुभा दिली. स्वतः धनुष्ये घडविणारा निसर्गचिंतक आल्डो लिओपोल्ड (१८८७–१९४८) याने साधनांच्या वाढत्या हव्यासाविषयी आधीच इशारा दिला होता. आयुधावर स्वतः घातलेली मर्यादा हाच शिकारीतील नीतीचा आधार, असे त्याचे प्रतिपादन होते.

जखमी होऊन निसटणाऱ्या हरणांचा प्रश्न हा या क्रीडेवरील मुख्य आक्षेप आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९६३ च्या अधिनियमाने बाणाने हरीण मारण्यास मनाई केली. उलट अमेरिकेत हरणांची संख्या आता सु. तीन कोटी असल्याचा अंदाज असून शेती, जंगलातील रोपे व रस्त्यांवरील वाहतूक यांना त्यांचा उपद्रव होतो. बंदूक चालविणे धोक्याचे ठरणाऱ्या उपनगरांत त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी धनुर्धरांचे साहाय्य घेतले जाते. दुर्मिळ हरणाला पळून जाण्याची संधी मिळावी म्हणून मान्य झालेले आयुध अशा प्रकारे विपुल हरणांना आवर घालण्याचे साधन झाले आहे. त्याचे समर्थन मात्र अजूनही धनुर्धराच्या संयमावर, म्हणजे नेम निश्चित नसेल तेव्हा बाण न सोडण्यावर, अवलंबून आहे.