कशाच्या किती पट?

एक वस्तू शंभर रुपयांची आहे आणि दुसरी तिच्यापेक्षा 'थ्री टाइम्स मोअर' महाग आहे. मग दुसरीची किंमत तीनशे की चारशे? इंग्रजीच्या काटेकोर पंडितांचा हिशेब असा : 'मोअर' म्हणजे वरची भर, तिप्पट भर मूळ शंभरात मिळवली की चारशे. तीनशे म्हणायचे असतील तर 'थ्री टाइम्स ॲज मच' लिहा. 'टेन टाइम्स लेस'वर तर त्यांचा अधिकच राग. एका पटीनं कमी झालं की शून्य उरतं, मग दहा पटींनी कमी कसं होणार?

भाषेचा इतिहास मात्र त्यांच्या बाजूनं नाही. दारू दहापट कमी करण्याचा निश्चय जोनाथन स्विफ्टनं १७११ सालच्या एका पत्रात कळवला, तो याच रचनेत. मेरियम-वेब्स्टरच्या १९८९च्या शब्दप्रयोगकोशानंही या रचनांची बाजू घेतली. वाचणारा 'थ्री टाइम्स मोअर'चा अर्थ तीनशे असाच घेतो, हे व्यवहारानं कधीच ठरवून टाकलं आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. जुन्या इंग्रजीपासून पट सांगायला 'फोल्ड' वापरतात, म्हणजे घडी. आपल्या 'द्विगुणित'मधला 'गुण' म्हणजे दोरीचा पदर. घडी घालायला आधी कापड लागतं, पदर वाढवायला आधी दोरी लागते. पट सांगताना नेमकं हे मूळच गाळलं जातं.

त्याची किंमत ब्रिटननं १९९५च्या ऑक्टोबरात मोजली. औषध-सुरक्षेच्या सरकारी समितीनं इशारा दिला, की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. 'दुप्पट'मध्ये व्याकरणाचा काही घोळ नव्हता, आणि विधानही खोटं नव्हतं. फक्त मूळ आकडा लोकांपर्यंत पोचला नाही : सात हजार स्त्रियांमागे एकीला असलेला धोका दोघींवर गेला होता. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. गुठळ्यांचा धोका गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो, ही त्यातली क्रूर गोष्ट.

तेव्हा 'तिपटीनं वाढ' असा मथळा मराठीत दिसला किंवा इंग्रजीत, तीन की चार यावर वाद घालण्याआधी विचारावं : आधी किती होतं?