‘असं कधी होतं का?’ : वाचकांचा दीडशे वर्षं जुना प्रश्न

रात्री फोनवर अद्भुत कथामालिकेचा भाग वाचताय. नायिका शापित दारापाशी पोचते आणि खाली ‘क्रमशः’. तुम्ही चरफडता. पण लगेच शंकाही येते : मागच्या भागात तर हिची शक्ती गेली होती, मग दार उघडलं कसं? ओढ आणि शंका ही जोडी माझ्या संशोधनात मला थेट १८६०च्या दशकात भेटते.

१८६१ साली दोन गोष्टी घडल्या. पुण्याचे कृष्णशास्त्री चिपळूणकर ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणू लागले आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ निघाली. ताटातुटी, संकटं, योगायोगाने सुटका, असा सगळा मामला. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटकांवर निबंध लिहून या असंभाव्यतेवर बोट ठेवलं. थोडक्यात, असं कधी होतं का?

पुढची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो : मग हरिभाऊ आपटे आले, वास्तव आलं, अद्भुत मागे पडलं. मीही पहिल्या मसुद्यात हेच लिहिलं होतं. मग रिसबुडांची प्रस्तावना नीट वाचली. त्यांचं म्हणणं साधारण असं : आपल्या लग्नाच्या चालीरीती अशा की रोजच्या जगण्यात रंजक कथेला जागाच नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं.

आता विचार करा. मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी लागत असेल, तर दोन जाणती माणसं एकमेकांना निवडतात ही कथा पुण्यातल्या वाड्यात घडवणार कशी? मला वाटतं, अद्भुत ही नुसती पळवाट नव्हती. घरात जे मिळत नव्हतं, त्याची ती जागा होती.

हरिभाऊंनी १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं. त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. ‘पुढे काय?’ ही हुरहूर तशीच राहिली, फक्त ती राजकन्येऐवजी यमूच्या सासरी येऊन बसली. आणि रिसबुडांना जिथे कथाच दिसत नव्हती, तिथेच हरिभाऊंना ती सापडली.

मराठ्यांची कसोटी होती, हे जगात घडू शकतं का. आजचा वाचक जादू मान्य करतो, पण त्या जगाचे नियम पाळा म्हणतो. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण पुढच्या भागाची वाट बघताना रिसबुडांचा प्रश्नही विचारून बघा : या गोष्टीला असं काय हवंय, जे आपल्या घरात मिळत नाही?