पानिपतचा दाणागोटा

शाळेत पानिपतचा धडा आला, की वर्गातल्या दोन-चार नजरा हटकून माझ्याकडे वळत. अब्दाली जणू माझाच चुलता! मी पुस्तकात डोके खुपसून बसे. मी कविता लिहिणारा माणूस, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण त्या नजरांमुळेच पुढे पानिपतवर मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा ध्यानात आले, की धड्यात तलवारी आणि तोफा होत्या, पोटाची गोष्ट मात्र नव्हती.

१४ जानेवारी १७६१ ही तारीख आपल्याला पाठ असते. पण दोन्ही फौजा १७६०च्या नोव्हेंबरपासूनच समोरासमोर तळ देऊन होत्या. लढाई एका दिवसाची, कोंडी अडीच महिन्यांची.

त्या काळी शिपायाला सरकारातून जेवण मिळत नसे. हातात पगार पडला, की तो छावणीच्या बाजारातून दाणे घेई आणि आपली भाकरी आपण भाजे. बाजारात धान्य येई ते बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. म्हणजे पैसा आणि वाट, दोन्ही चालू हवे. ‘बाजारबुणगे’ हा शब्द आपण आज हिणवायला वापरतो. पण वाणी, लोहार, गवत कापणारे हे त्यांतलेच. सदाशिवरावभाऊंच्या छावणीत त्यांच्याखेरीज बायकामुले होती, तीर्थयात्रेला निघालेले लोक होते. खाणारी तोंडे फार झाली.

ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आली, पण खजिना रिकामा. किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. ऑक्टोबरात भाऊंनी उत्तरेला कुंजपुरा जिंकले. तिथे अब्दालीसाठी साठवलेले धान्य मिळाले. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि भाऊ व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. दक्षिणेची वाट बंद झाली. अब्दालीला मात्र नजीबखानामुळे दुआबातून रसद येत राहिली. ती तोडण्याच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. दिल्लीहून पैसा घेऊन निघालेले स्वार रात्री वाट चुकले आणि थेट अफगाण छावणीतच शिरले. इकडे जनावरे मरू लागली. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने ही लढाई पाहिली होती. तो लिहितो, की अखेर सरदार आणि शिपाई भाऊंकडे गेले व म्हणाले, दोन दिवस पोटात अन्न नाही. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू.

खंत अशी, की हे शस्त्र मराठ्यांच्या ओळखीचे होते. १७२८ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला असे पळवले, की त्याला जड तोफा मागे टाकाव्या लागल्या. मग पालखेडजवळ त्याचे अन्नपाणी तोडले. मोठी लढाई न करता मुंगी-शेवगावचा तह पदरात पडला. तेहतीस वर्षांनी तीच कोंडी आपल्या वाट्याला आली.

शाळेतल्या नजरांचे उत्तरही मला याच उपाशी छावणीत सापडले. भाऊंचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी अखेरपर्यंत त्यांच्या बाजूने लढला, जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. पलीकडे, शुजाच्या फौजेत, अनूपगिरी गोसाव्याचे नागा साधू होते. माणसे अशी दोन्हीकडे मिसळलेली. धर्मावरून त्यांची वाटणी करू गेलो, तर हिशेब जुळत नाही. दाण्यागोट्यावरून केली, तर जुळतो.

आणखी एक गोष्ट. भरतपूरच्या सूरजमल जाटाने आधीच सल्ला दिला होता, की बायकामुले आणि जड सामान मागे सुरक्षित ठेवा, हलक्या फौजेनिशी पुढे जा. तो मानला गेला नाही. सूरजमल साथ सोडून गेला. लढाईनंतर थंडीत, उपाशीपोटी, फाटक्या कपड्यांनी माणसे दक्षिणेकडे परतू लागली, तेव्हा त्यांना अन्न आणि वस्त्र दिले ते याच सूरजमलाने. पानिपतच्या धड्यात हे दोन ओळींत तरी असायला हवे होते.