वंशावळीत न मावलेला वारसा

जामसांवलीच्या पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला येणाऱ्यांत दुखणेकरी पुष्कळ असतात. सोबतच्या माणसाला विचारून पाहा, ‘हे दुखणे घरात पूर्वी कुणाला होते का?’ आठवण बहुधा आजोबांपर्यंत जाते. आजीच्या बहिणीपर्यंत किंवा आत्याच्या मुलीपर्यंत क्वचितच पोहोचते.

आपल्या जुन्या घरांना हे विशेष लागू आहे. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. सोयरिकी मात्र नागपूर, वर्धा, अमरावतीकडे होत राहिल्या. आपण भाषा जपली आणि वंशावळीही जपल्या; पण त्या मुलग्यांच्या. मुलीच्या नावापुढे सासरचे गाव आले, की तिची रेघ तिथेच थांबते. निसर्गात ती थांबत नाही, हे एका जनुकाच्या इतिहासावरून कळते.

१८६६ साली पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी आपल्या पत्नीच्या माहेरच्या चार पिढ्या कागदावर मांडल्या. त्या घरातल्या अनेक स्त्रिया स्तनाच्या कर्करोगाने गेल्या होत्या. पुढे मुंबईत, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली, पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी याच रोगाचा अभ्यास हाती घेतला. १९४९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. उंदरांवर प्रयोग करून या रोगाशी आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा संबंध कसा आहे, हे त्यांनी तपासले. तेव्हा जनुकाचा पत्ता कुणालाच नव्हता. १९९० साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी तो सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले आणि १९९४ साली जनुक प्रत्यक्ष हाती लागले. त्याचे नाव बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२ सापडले.

ही जनुके रोग घडवण्यासाठी नाहीत, उलट राखणीसाठी आहेत. पेशीतला डीएनए म्हणजे पोथी समजा. तिचे पान आरपार फाटले, तर दोन तऱ्हांनी जोडता येते. कडा नुसत्या चिकटवल्या तर मधली अक्षरे गळण्याची भीती. शेजारी दुसरी प्रत ठेवून ताडून घेतले, तर पाठ शुद्ध राहतो. या जनुकांपासून बनणारी प्रथिने दुसऱ्या तऱ्हेच्या दुरुस्तीला लागतात. बीआरसीए-१चे प्रथिन १८६३ अमिनो आम्लांचे असते. ते बिघडले की चुका साठत जातात आणि एखादी पेशी बेबंद वाढू लागते.

आता वंशावळीकडे वळू. सदोष जनुक आईकडून येते तसेच वडिलांकडूनही येते. अपत्य मुलगा असो वा मुलगी, ते मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे आत्याचे दुखणे निरोगी भावामार्फत भाचीपर्यंत पोहोचू शकते, आणि आपण ‘ते तर आत्याच्या घरचे’ म्हणून मोकळे होतो. असा दोष असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. मात्र स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांत आनुवंशिक कारण असते ते साधारण ५ ते १० जणींतच. तेव्हा प्रत्येक घराने धास्तावण्याचे कारण नाही, आणि सोयरीक जुळवताना ही गोष्ट खोट म्हणून पुढे करणे तर अन्यायच.

पण माहिती असली, तर डॉक्टरांना सांगता येते. गरज पडल्यास रक्ताची तपासणी होते, लवकर लक्ष ठेवता येते, जीव वाचू शकतो.

म्हणून एक विनंती. दिवाळीला लेकी माहेरी येतील तेव्हा वंशावळीची वही काढा. आजी, मावशी, आत्या आणि त्यांच्या मुली यांची नावे लिहा. कोणाला कोणते दुखणे झाले, कोणत्या वयात, तेही लिहा. ज्यांना आठवते त्या म्हाताऱ्या अजून घरात आहेत, तोवरच हे होईल.