दासांच्या खांद्यावरची नगरे आणि आपले शरणपूर

शरणपूर रोड हे नाव नाशिककराच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येते. डॉक्टरकडे जायचे असो की बँकेत, रिक्षावाल्याला हेच नाव सांगावे लागते. पण तेथे शरण आले कोण, आणि कशापासून, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर शोधू लागले, की माणूस गोदाकाठावरून निघून थेट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचतो. आणि तेथून फिरून आपल्याच मुलखातील मजुराच्या खोपटापाशी येऊन उभा राहतो. त्या वाटेने आपणां सर्वांना न्यावे असा माझा विचार आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. कामगार संघटनेत आयुष्य गेलेला आणि वाचनालयाच्या बाकावर शिकलेला मी माणूस. त्यामुळे कोणत्याही काळाच्या इतिहासाकडे मी एकच प्रश्न घेऊन जातो: काम कोणी केले, आणि त्या कामाचा हिशेब कोणाच्या हाती होता?

नगरराज्य म्हटले की आपल्याला अथेन्स आठवते. तेथील नाटके, तेथील तत्त्वज्ञान आणि भर चौकात चालणारी लोकसभा यांचे गोडवे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण त्या अथेन्सची चांदी लॉरिऑनच्या खाणीतून येत होती आणि त्या खाणींत गुलाम राबत होते. ॲरिस्टॉटलसारख्या बुद्धिमान माणसाने गुलामाची गणना सजीव अवजारांत केली. एवढा थोर विचारवंत असे का म्हणाला? तर ज्या घरात बसून तो विचार करीत होता, त्या घराचे पाणी दुसरा कोणी भरीत होता. विचार करण्यास फुरसत लागते, आणि एकाची फुरसत ही पुष्कळदा दुसऱ्याची चोरलेली झोप असते.

मग नगर उभे करण्यास दास लागतातच काय? याचे उत्तर शोधण्यास लांब जाणे नको. आपल्या पांडवलेण्यांवर चढून जावे. तेथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या चीवरासाठी व इतर खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. ते ठेवले कोठे? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींपाशी: दोन हजार एका श्रेणीत आणि एक हजार दुसरीत. व्याजाचा दरही दगडावर कोरलेला आहे. राजाचा जावई विणकरांच्या संघटनेवर एवढा विश्वास टाकतो, याचा अर्थ काय? अर्थ असा, की त्या विणकरांना स्वतःचा हिशेब ठेवता येत होता. त्या काळी आपल्याकडे दास नव्हते असे मी म्हणत नाही. दासांची खरेदी, गहाण आणि सुटका यांचे नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहेत. पण कारागिरांच्या एकजुटीवरही नगराचा व्यवहार चालू शकतो, याची साक्ष आपल्या डोंगराने जपून ठेवली आहे.

आता समुद्र ओलांडू. मोगादिशूपासून किल्वापर्यंत आणि पुढे सोफाल्यापर्यंत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एकेकाळी नगरांची माळ होती. लामू, पाटे, मालिंदी, मोंबासा, झांजीबार, किल्वा. प्रत्येकाचा राजा वेगळा, बंदर वेगळे आणि भांडण वेगळे. या नगरांचे मिळून एक राज्य कधी झाले नाही; मात्र भाषा एक झाली. ती स्वाहिली. तिची घडण आफ्रिकी, तिच्यावर अरबी शब्दांचे लेणे, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत आपल्या ओळखीचे पाहुणे. पेसा म्हणजे पैसा, लाकी म्हणजे लाख, गारी म्हणजे गाडी. ओझे वाहणाऱ्याला तेथे हमाली म्हणतात. १३३१ साली इब्न बतूता किल्व्यास गेला तेव्हा ते भरभराटीचे नगर होते. प्रवाळाच्या दगडांची घरे आणि घुमटांची मशीद तेथे होती. सोफाल्याचे सोने, आतल्या मुलखातील हस्तिदंत आणि खंबायतचे कापड व मणी, असा तो व्यापार चाले. दास त्याही काळी होते, आतल्या प्रदेशावर धाडी घालून माणसे धरूनही आणली जात. तथापि नगरांचा मुख्य आधार सोने आणि समुद्र हाच होता. १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी किल्वा लुटले, आणि जुने वैभव ढासळत गेले.

या किनाऱ्याचे रूप खरे पालटले ते एकोणिसाव्या शतकात. १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी मोंबासाचा किल्ला पोर्तुगीजांपासून घेतला होताच. पुढे सुलतान सय्यद सईद याने आपले ठाणे मस्कतहून झांजीबारला हलविले, आणि झांजीबार व पेंबा या बेटांवर लवंगांचे मळे उठले. लवंगेची कळी फुलण्याआधी हाताने खुडावी लागते. उशीर झाला की माल गेला. त्यासाठी वेळेवर हजारो हात हवेत, आणि ते फुकट हवेत. येथे दासप्रथेने नवे रूप घेतले. घरकामाचा दास जुना होता. मळ्यावरच्या दासांच्या फौजा ही नवी गोष्ट होती. न्यासा सरोवराच्या परिसरातून, शेकडो मैल चालवीत, गळ्यात लाकडी जू अडकवून माणसे किल्व्यास आणली जात. १८६७ पर्यंतच्या पाच वर्षांत एकट्या किल्व्याहून ९७,२०३ दास जहाजांवर चढविले गेले. त्यांपैकी ७६,७०३ झांजीबारला गेले. एवढा नेमका आकडा आपल्याला कसा मिळाला? कारण दरडोई जकात होती. वाटेत मेला त्याची नोंद नाही. जकात भरून पुढे गेला त्याचीच नोंद. माणसाचा हिशेब लवंगेच्या पोत्याशेजारी मांडला गेला.

आणि ही जकात गोळा कोण करीत होता? सुलतानाने जकातीचा मक्ता दिला होता, आणि अनेक दशके तो कच्छी भाटिया जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. मळेवाल्या अरबांना आणि आत जाणाऱ्या काफिल्यांना कर्ज देणारे सावकार बहुतांशी आपल्या देशाचे. काफिल्यांचे हस्तिदंत मुंबईस येई, आणि त्याचे चुडे आपल्या लेकीसुनांच्या हातांत चढत. माणसांच्या बदल्यात दिल्या जाणाऱ्या कापडाला तेथे मेरिकानी म्हणत, कारण ते अमेरिकेतून येई. त्या कापडाचा कापूस पिकवीत होते अमेरिकेतले गुलाम. एका गुलामाच्या घामाने दुसरा गुलाम विकत घेतला जात होता; आणि मधल्या प्रत्येक हाताला आपला व्यवहार सचोटीचा वाटत होता, कारण प्रत्येकाची वही बरोबर जुळत होती.

या नगरातील एक चाल मला, कामगार चळवळीतल्या माणसाला, विशेष विचार करण्यासारखी वाटते. धनी आपला दास गोदीवर किंवा व्यापाऱ्याकडे रोजाने कामास पाठवी. दास दिवसभर ओझी वाही. त्याला मजुरी मिळे, आणि तीतला सुमारे निम्मा वाटा धन्याला द्यावा लागे. अशा दासास किबारुआ म्हणत. बारुआ म्हणजे पत्र, किबारुआ म्हणजे चिठ्ठी. कामाच्या चिठ्ठीवरून माणसालाच चिठ्ठी हे नाव पडले. पायात बेडी नाही, पाठीवर चाबूक नाही, हातात पैसेही पडतात. तरी तो माणूस दासच. म्हणजे गुलामगिरीचे मर्म चाबकात नाही. माझ्या श्रमाचा मालक दुसरा आहे, या एका गोष्टीत ते आहे.

आता शरणपुराकडे येऊ. इंग्रजांचे आरमार अरबी समुद्रात दासांची गलबते पकडू लागले. सोडविलेली माणसे उतरवायची कोठे? काही एडनला, काही सेशेल्सला आणि काही मुंबईस. पुष्कळ जण आगबोटींच्या भट्टीपुढे कोळसा ओढणारे खलाशी झाले. आपण त्यांना सीदी म्हणत आलो. मुलांचा प्रश्न निराळा होता. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये नाशिकजवळ शरणपूर वसविले होते. तेथे शाळा होती, अनाथालय होते आणि कारखानाही होता. १८६० नंतर सुटका झालेली आफ्रिकी मुलेमुली तेथे येऊ लागली. ती अक्षरे शिकली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. याओ, माकुआ अशा कुळांतली ही लेकरे गोदावरीच्या पाण्यावर वाढली. १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन स्वतः येथे आला आणि त्याने आपल्या प्रवासासाठी यांतील नऊ तरुण निवडले. जगाच्या पुस्तकांत त्यांना ‘नासिक बॉइज’ हे नाव मिळाले. आपल्या गावाच्या नावाने ओळखले गेलेले हे लोक आपल्याच गावाला ठाऊक नाहीत!

त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मदतीस जी माणसे पाठविली, त्यांत तो होता. १ मे १८७३ च्या सुमारास चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. तेव्हा त्याचे हृदय झाडाखाली पुरून, प्रार्थना वाचून, त्या झाडावर नाव व तारीख कोरली ती वेनराइटने. पुढे चुमा, सूसी आणि त्यांचे सोबती यांनी तो देह हजार मैलांहून अधिक अंतर पायी वाहून किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट उभा होता. ज्याला एके काळी पोत्यासारखे गलबतात भरले होते, त्याने या प्रवासाची रोजनिशी लिहून ठेवली. ज्याची जकात दुसऱ्याच्या वहीत पडायची, तो स्वतः वही लिहू लागला. शरणपूरने जगाला काय दिले असे कोणी विचारले, तर मी एवढेच सांगेन.

पण शरणपुरातले सारे गोडच होते असेही नाही. मुलांची मूळ नावे गेली आणि इंग्रजी नावे आली. कोठे राहायचे, कोठे जायचे, हे मिशन ठरवी. १८७४-७५ मध्ये येथील दीडशेच्या आसपास लोक मोंबासाजवळ नव्या वस्तीत नेण्यात आले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रिअर टाउन म्हणत. तेथे हे लोक शिक्षक, कारागीर, धर्मोपदेशक झाले. परंतु गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे पगारावरून आणि मानावरून खटके उडत राहिले. दया करणाऱ्यालाही बरोबरी सोसतेच असे नाही.

१८७३ हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. याच फ्रिअरसाहेबांनी झांजीबारला जाऊन बोलणी केली. अखेर कोंडीची धमकी मिळाल्यावर ५ जून १८७३ रोजी सुलतान बरघश याने करारावर सही केली, आणि दासांचा बाजार बंद झाला. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांना ती अर्पण केलेली आहे. २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. दूरच्या गुलामाचे दुःख पाहून फुल्यांनी आपल्या दारातला गुलाम ओळखला. दूरच्या दुःखाने हळहळणारे पुष्कळ असतात. त्या उजेडात स्वतःचे अंगण पाहणारे थोडे.

बाजार बंद झाला तरी दासपण संपले नाही. झांजीबारात दासपणाची कायदेशीर मान्यता गेली ती १८९७ मध्ये. त्या हुकुमाची कलमे वाचण्यासारखी आहेत. दासाने स्वतः कोर्टात अर्ज करायचा. भरपाई मिळायची ती धन्याला; ज्याची सारी हयात गेली त्याला कवडी नाही. आणि सुटलेल्याने आपले राहण्याचे ठिकाण व उपजीविकेचे साधन दाखवायचे, नाहीतर तो भटक्या ठरायचा. जमीन धन्याची, झोपडी धन्याच्या जमिनीत. मग तो जाणार कोठे? ठेवून घेतलेल्या बायकांना तर आणखी बारा वर्षे, १९०९ पर्यंत, थांबावे लागले.

आपल्याकडे तरी काय निराळे घडले? पेशवाईत कुणबिणी व बटकी यांची खरेदीविक्री होत असे. १८४३ च्या कायद्याने कोर्टांनी गुलामावरील हक्क मानणे बंद केले. तरीही त्यानंतर शंभर वर्षांनी, नाशिकला लागून असलेल्या त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, वारली माणूस लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढून बायकोसह जन्मभर त्याच्या शेतावर राबत होता. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज किती उरले ते सावकाराच्या वहीत, आणि वही वाचता येत नाही! मे १९४५ मध्ये झरी गावी वारली जमले, आणि श्यामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या साथीने त्यांनी वेठ करण्यास नकार दिला. वेठबिगार बंदीचा देशव्यापी कायदा आला तो १९७६ मध्ये. आधी माणसे उठली, कायदा मागाहून आला.

आजच्या कंत्राटी मजुराला गुलाम म्हणण्याची सभांतून चाल आहे. मी ती पाळीत नाही. तो काम सोडून जाऊ शकतो, कोर्टात उभा राहू शकतो, मत देऊ शकतो. हे हक्क मिळविण्यास पिढ्या खपल्या आहेत, त्यांना शून्य लेखू नये. परंतु माझी हजेरी कोणाच्या वहीत, माझा दर कोणी ठरविला, माझ्या मजुरीतून किती कापले आणि का, हे ज्याला विचारता येत नाही, त्याचे स्वातंत्र्य अपुरे आहे एवढे मी म्हणतो. गोवर्धनचे विणकर एका टोकाला आणि झांजीबारचा किबारुआ दुसऱ्या टोकाला. आपण या दोहोंमध्ये कोठे उभे आहोत, हे प्रत्येक नगराने अधूनमधून मोजून पाहावे.

किबारुआ हा शब्द स्वाहिलीत अजून जिवंत आहे. आता त्याचा अर्थ रोजंदारीचे काम. जानेवारी १९४७ मध्ये मोंबासाला गोदी व रेल्वे कामगारांसह सुमारे पंधरा हजार लोकांनी बारा दिवस काम बंद ठेवले. पुढच्याच वर्षी झांजीबारच्या गोदीतून निघालेला संप साऱ्या शहरात पसरला. पूर्वी ज्या बंदरांत दुसऱ्याचे दास चिठ्ठीवर राबत होते, त्याच बंदरांत मजुरांनी स्वतःचा दर स्वतः सांगितला. शब्द बदलला नाही, धक्का बदलला नाही. हिशेब विचारणारा तेवढा बदलला.