घटसर्प, सातपुडा आणि उसाचा हंगाम

घटसर्पाचे कोडे वैद्यकाने एकोणिसाव्या शतकातच सोडवले. 1884 मध्ये लोफलरने जंतू वेगळा काढून वाढवला. 1888 मध्ये रू आणि येर्सिन यांनी दाखवून दिले, की जीव घेते ते जंतूने सोडलेले विष. आणि 1890 मध्ये बेरिंग व कितासातो यांना त्यावरचे प्रतिविष गवसले. घशात टॉन्सिलवर राखाडी पापुद्रा धरतो, खरवडला तर रक्त येते. जंतू तिथेच बसून राहतो, विष मात्र रक्तावाटे हृदयाला आणि मज्जातंतूंना गाठते. घोड्याच्या रक्तातून काढलेले प्रतिविष रक्तात मोकळे फिरणारे विष निकामी करते, पेशीत शिरलेल्या विषापुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून या रोगात औषध असणे पुरत नाही, ते वेळेत पोचावे लागते. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांचे नेमके इथेच अडते. 1906 मध्ये खानदेश विभागला गेला तेव्हापासून हा मुलूख पश्चिम खानदेशाच्या आणि पुढे धुळ्याच्या कडेला पडून होता. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा झाला, मुख्यालय जवळ आले. तरी नर्मदाकाठी दवाखाना बोटीवरच न्यावा लागला.

अशा मुलखात खरी भिस्त लसीवर. यावर ठरलेला आक्षेप असा, की आदिवासी भगताकडे जातात, लस टाळतात. अविश्वास अजिबात नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण 2016 मध्ये घटसर्प उसळला तो केरळातल्या मलप्पुरममध्ये, जिथे शाळा, रस्ते, इस्पितळे कशाचीच वाण नव्हती. शिवाय पोलिओचे थेंब पाड्यांवरच्या मुलांनीही घेतले, कारण ती मोहीम घरोघर आणि वीटभट्ट्यांपर्यंत गेली. घटसर्पाची लस सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला आणि पुढे दीड वर्षाच्या सुमारास द्यावी लागते. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जाते, होळीला परतते. कार्तिकात जन्मलेल्या मुलाचे तिन्ही डोस त्या उसाच्या फडांवरच यायचे. माझ्या मते इथे नकारापेक्षा वेळापत्रकाचा दोष मोठा आहे: ते एका जागी राहणाऱ्या घरासाठी आखले आहे. लसीच्या वाहतुकीची कटकट वेगळीच. ही लस गोठली की वाया जाते, म्हणून आइसपॅक पेटीत ठेवण्याआधी तो हलवून आत पाणी खुळखुळते का, हे ऐकावे लागते. पण मालिका मध्येच तुटली तर पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिलेला डोस होळीला परतलेल्या मुलाला पाड्यावरच देता येतो, आणि त्याआधी फडावर सुरतेच्या बाजूच्या परिचारिकेलाही.